कल्पनेचा सातबारा

मराठीच्या प्राध्यापकवर्गात आणि संशोधक विद्यार्थ्यांत गेली काही वर्षे एक तक्रार सारखी कानावर येते, आणि तिच्या पाठोपाठ एक मागणीही. तक्रार अशी, की 'आमची कल्पना चोरली'. चर्चासत्रात कुणी एक निरीक्षण मांडावे आणि वर्षभरात ते दुसऱ्याच कुणाच्या लेखात, नावाचा उच्चारही न करता, छापून यावे. विद्यार्थिनीने आराखड्यात मांडलेला विषय शीर्षकात किंचित फेरफार करून दुसऱ्या विद्यापीठात नोंदवला जावा. एकांकिका स्पर्धेत पाहिलेली गोष्ट पुढच्या मोसमात व्यावसायिक रंगभूमीवर उभी राहावी. मागणी अशी, की कल्पनांना कायद्याचे संरक्षण हवे. लेखकाने आपली कल्पना कुठेतरी नोंदवावी, तिच्यावर क्रमांक पडावा, आणि त्यापुढे ती कुणी वापरली तर त्याला कोर्टात खेचता यावे. जमिनीचा सातबारा असतो तसा कल्पनेचाही असावा, असा या मागणीचा एकूण सूर आहे.

या मागणीला आमचा विरोध आहे, तक्रारीला नाही. तक्रार बहुतेक वेळा खरी असते. पण तिच्यावर मागितलेला उपाय कधी काळी मंजूर झालाच, तर त्याचा पहिला फटका मराठी साहित्याला आणि त्याच्या अभ्यासाला बसेल, आणि ज्या दुबळ्यांच्या नावाने तो मागितला जातो त्यांच्या हाती काहीही लागणार नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते जरा विस्ताराने मांडतो.

आधी कायदा पाहू, कारण या विषयावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा, २१ जानेवारी १९५८पासून अमलात आलेला. साहित्य, नाट्य, संगीत आणि कला या क्षेत्रांतल्या स्वतंत्र कृतींना, तसेच चित्रपट व ध्वनिमुद्रणांना तो संरक्षण देतो. साहित्यकृतीच्या बाबतीत हे संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपू लागला तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. कवीच्या नावाने संसदही हलू शकते, हे मराठी वाचकाला गमतीचे वाटेल.) कायदा संरक्षण देतो ते कृतीला, म्हणजे शब्दांत, दृश्यांत, स्वरांत उतरलेल्या रूपाला. कल्पना, विषय, आशयसूत्र यांना तो संरक्षण देत नाही. आपल्या कायद्यात हे सांगणारे वेगळे कलम नाही; पण १९९४च्या ट्रिप्स करारात ते स्पष्ट लिहिलेले आहे आणि आपल्या न्यायालयांनी तर त्याच्याही आधीपासून तेच धरले आहे. आणखी एक. कृतीची नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क कृती लिहिली गेली त्या क्षणी जन्मतो, प्रमाणपत्राने नाही. आपल्या वर्गातल्या टिपणांचे कॉपीराइट प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावणाऱ्या आमच्या काही व्यवसायबंधूंना हे कुणीतरी हळूच सांगायला हवे.

या बाबतीत आधारभूत मानला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका नाटकाविषयीचाच आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तो एकदा मुळातून वाचावा. आर. जी. आनंद हे व्यवसायाने वास्तुविशारद आणि आवडीने नाटककार. त्यांनी १९५३ साली 'हम हिंदुस्तानी' हे हिंदी नाटक लिहिले. १९५४ साली दिल्लीत त्याचे प्रयोग झाले. विषय प्रांताभिमानाचा : एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलांचे प्रेम आणि दोन्ही घरांचा विरोध. चित्रपट दिग्दर्शक मोहन सेहगल यांनी नाटकात रस दाखवला. ते दिल्लीला आले तेव्हा आनंद यांनी त्यांना सबंध नाटक वाचून दाखवले. पुढे काही कळले नाही. मग १९५६ साली सेहगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला : एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलांचे प्रेम. आनंद न्यायालयात गेले. दिल्लीच्या दोन्ही न्यायालयांत हरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. म्हणजे चित्रपटाला बावीस वर्षे होऊन गेल्यावर.

न्या. फजल अली यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा : कल्पना, विषयवस्तू, आशयसूत्र, कथानक, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांच्यावर कुणाचा कॉपीराइट असू शकत नाही, हक्काचा भंग होतो तो मांडणीचा, रचनेचा, अभिव्यक्तीचा. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाच्या मनावर 'दुसरी ही पहिलीची नक्कल आहे' असा निःसंदिग्ध ठसा उमटला पाहिजे. 'न्यू दिल्ली'मध्ये प्रांताभिमान केवळ लग्नाच्या आड येत नाही, भाड्याची खोली मिळवण्याच्याही आड येतो; शिवाय हुंड्याचा प्रश्न त्यात आहे, जो नाटकात नव्हता. सबब चित्रपट स्वतंत्र ठरला. न्या. पाठक यांनी आपले सहमतीचे टिपण वेगळे लिहिले आणि त्यात त्यांची अस्वस्थता लपत नाही. मूळ कृतीतून घ्यायचे आणि चोरी झाकण्यासाठी भोवती भर घालायची, या युक्तीची त्यांना जाणीव होती. पण खालच्या दोन्ही न्यायालयांनी वस्तुस्थितीविषयी एकच निष्कर्ष काढला असल्याने त्यांनी त्यात हात घातला नाही.

आमच्या मते आनंद यांच्यावर अन्याय झाला. परंतु कोणता? प्रांताभिमान आणि आंतरप्रांतीय प्रेम या विषयावर दुसऱ्या कुणी चित्रपट काढला, हा अन्याय खचित नव्हे. १९३० साली अमेरिकेत न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्यापुढे जवळजवळ हाच खटला आला होता : एका बाजूला ज्यू कुटुंब, दुसऱ्या बाजूला आयरिश, मुलांचे प्रेम, वडिलांची भांडणे, एक नाटक आणि एक चित्रपट. तिथेही नाटककर्ती हरली. व्हेरोनाच्या दोन घराण्यांची गोष्ट तर त्याहून तीनशे वर्षे जुनी. हा विषय एका माणसाच्या नावावर चढवायचा म्हटले तर फेरफाराच्या नोंदी कुठपर्यंत मागे न्यायच्या? आनंद यांच्यावर झालेला अन्याय निराळा होता. त्यांच्याकडे येऊन नाटक ऐकले गेले, त्यांच्याकडून काही मिळवले गेले, आणि मग त्यांना जणू कधी भेटलोच नव्हतो असे वागले गेले. ही विश्वासाची आणि ऋणाची बाब आहे. तिच्यावर मालकीचा उपाय शोधणे म्हणजे दुखणे पोटात आणि लेप डोक्याला. विश्वासाकडे पुढे वळतोच. आधी मालकीचा निकाल लावू.

समजा, कल्पनेला मालकी मिळाली. १९५९ साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली आणि १९६१ साली गिरीश कर्नाडांचे 'ययाति' कानडीत आले. आख्यान महाभारतातले, म्हणून सार्वजनिक, असे कुणी म्हणेल. ठीक. पण कर्णाच्या बाजूने महाभारत पाहायचे, सूतपुत्राच्या अवहेलनेला कादंबरीचा केंद्रबिंदू करायचे, ही आख्यानातली घटना नव्हे; ही आधुनिक कल्पना आहे. १९६७च्या 'मृत्युंजय'नंतर ही कल्पना शिवाजी सावंतांच्या नावावर चढली असती, तर १९७३ साली रणजित देसाईंना 'राधेय' लिहिण्याआधी संमतिपत्र घ्यावे लागले असते. त्या दोन कादंबऱ्यांची तुलना हा आज पदव्युत्तर वर्गातला नेहमीचा प्रश्न. एक तरी विद्यार्थी त्या वाचून दुसरीला पहिलीची नक्कल म्हणतो काय? एकाच कल्पनेतून दोन मनांनी काय काढले, हे पाहण्यातच तर आमच्या विषयाचे अर्धे काम आहे.

समीक्षेचे काय होईल, तेही पाहावे. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त मर्ढेकरांच्या मालकीचा ठरवला, तर रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त त्याची जी चिकित्सा केली ती परवान्याशिवाय झाली नसती. देशीवादाचा उच्चार नेमाड्यांना विचारूनच करावा लागला असता, आणि नेमाड्यांवर टीका करणाऱ्यांना तो परवाना कितपत मिळाला असता हे वाचकांनीच ताडावे. विचाराचा प्रतिवाद करायचा तर तो विचार आधी हातात घ्यावा लागतो, उलटसुलट करावा लागतो, पुन्हा आपल्या शब्दांत मांडावा लागतो. ज्याला कुंपण आहे त्याचा प्रतिवाद होत नाही.

आणि मराठी रंगभूमी? देवलांच्या 'संशयकल्लोळ'च्या मागे आर्थर मर्फी आहे, मर्फीच्या मागे मोलियेर. आगरकरांचे 'विकारविलसित' 'हॅम्लेट'वरून, देवलांचे 'झुंझारराव' 'ऑथेल्लो'वरून, पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. यांतली शेक्सपिअरची नाटके कायद्याच्या दृष्टीने केव्हाच मोकळी झालेली होती, हे खरे, शॉची नव्हती. मुद्दा असा, की एका भाषेतून दुसरीत, एका समाजातून दुसऱ्यात कल्पना नेऊन रुजवणे हे आपल्या रंगभूमीचे मुख्य पोषण होते. आणि त्या काळातल्या चांगल्या नाटककारांनी आपण कुठून घेतले हे बहुधा सांगितले होते.

याच संदर्भात ब्रेख्टची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉन गेचे 'द बेगर्स ऑपेरा' १७२८चे. त्यावरून बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, ब्रेख्टचे 'थ्री पेनी ऑपेरा'. आणि त्यावरून १९७८ साली पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा'. ब्रेख्टने त्या नाटकातल्या काही गीतांत व्हियाँच्या कवितांच्या एका जर्मन अनुवादातल्या ओळी अनुवादकाचे नाव न देता घेतल्या होत्या. समीक्षक आल्फ्रेड केर याने १९२९ साली ते चव्हाट्यावर आणले, तेव्हा बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण मूलतःच ढिले आहोत, असे बेदरकार उत्तर ब्रेख्टने दिले. आमच्या डाव्या मित्रांना हे उत्तर फार आवडते. ते पुढची हकिकत सहसा सांगत नाहीत. पुढच्याच वर्षी त्या नाटकावर चित्रपट निघू लागला, आपल्या मनासारखी पटकथा होत नाही असे दिसताच हाच ब्रेख्ट निर्मात्यांविरुद्ध न्यायालयात गेला, आणि हरला. गेचे मूळ नाटक जर्मनमध्ये उतरवून त्याच्या हाती देणारी एलिझाबेथ हाउप्टमान, तिचे श्रेय तर कित्येक वर्षे पडद्याआडच राहिले. कल्पना सर्वांच्या आहेत, असे मोठ्याने म्हणणाऱ्याच्या घरात डोकावून पाहावे, तिथे कुणीतरी बिननावाचे राबत असण्याचा संभव असतो. हे आम्ही आमच्याच बाजूच्या लोकांना उद्देशून लिहितो आहोत. कल्पनेला मालकी नको म्हणणाऱ्याने ऋण मान्य करायला दुप्पट तयार असले पाहिजे. एरवी त्याचे औदार्य केवळ दुसऱ्याच्या खिशावर चालते.

आता आपल्याकडच्या विचाराकडे वळू. बौद्धिक संपदेची चर्चा पश्चिमेकडून आली आणि आपल्याकडे मात्र सगळे व्यासांचे उष्टे म्हणून आनंदीआनंद होता, अशी एक सोयीस्कर समजूत कार्यशाळांमधून पसरवली जाते. ती खोटी आहे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या काव्यांतल्या साम्याचा विचार केला आहे. साम्य तीन प्रकारचे : आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि दोन देहधारी माणसांत असते तसे. पहिल्याला स्वतःचा आत्माच नाही, दुसऱ्याचा आत्मा क्षीण. ही दोन्ही टाकावीत. तिसरे मात्र दोष नव्हे. दोन माणसांचा तोंडवळा एकसारखा असला म्हणून ती एकच होत नाहीत, कारण प्रत्येकाचा जीव वेगळा. हा विचार पुढे नेला राजशेखराने, ज्याच्या पणजोबाला, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले गेले आहे. 'काव्यमीमांसे'तले हरणाविषयीचे अध्याय हे या विषयावरचे जगातले एक जुने आणि अतिशय चतुर लेखन. शब्दांचे हरण वेगळे, अर्थाचे हरण वेगळे; अर्थहरणात प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य, परपुरप्रवेशसदृश असे भेद, आणि प्रत्येकाचे पुन्हा उपभेद. कवी आणि व्यापारी, यांत चोर नाही असा कुणी नाही. ज्याला लपवता येते तो सुखात राहतो, असे तो मिस्कीलपणे म्हणतो.

यातला आम्हांला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग अवंतिसुंदरीच्या मताचा आहे. राजशेखराची ही विदुषी पत्नी. तिची मते तो सन्मानाने नोंदवतो. हरण करणारे कवी मनाशी कोणकोणती समर्थने देतात, त्यांची जणू यादीच तिच्या नावावर येते : तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे, त्याची भाषा वेगळी, तो दूरदेशीचा, ज्या ग्रंथातून घेतले तो आता कुणी वाचत नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन आजच्या एखाद्या विद्यापीठीय विभागात जावे. पहिले कारण मार्गदर्शकाला लागू पडेल, दुसरे विभागप्रमुखाला. आणि भाषा वेगळी, हे कारण किती जणांना लागू पडेल याचा हिशेब आम्ही करत नाही.

कारण मराठीत ज्याला 'कल्पना घेतली' असे सौम्यपणे म्हणतात, ते पुष्कळदा कल्पना घेणे नसतेच. ते भाषांतर असते. इंग्रजी किंवा हिंदी ग्रंथातली प्रकरणेच्या प्रकरणे वाक्यागणिक मराठीत आणून स्वतःच्या नावावर छापायची, आणि कुणी बोट ठेवलेच तर 'विचार सार्वत्रिक असतात' असे म्हणायचे. इथे मात्र कायदा बिलकूल मुका नाही. भाषांतर करण्याचा आणि करू देण्याचा हक्क १९५७च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने मूळ हक्कधारकालाच दिलेला आहे. शब्द बदलले, लिपी बदलली, तरी ती त्याचीच अभिव्यक्ती. तेव्हा कल्पनेला नवा कायदा मागण्याआधी, जो कायदा आहे त्याचा भंग आपल्या डोळ्यांदेखत होत असताना आपण परीक्षक म्हणून सही का करतो, याचे उत्तर आधी द्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले, त्यांनी तरी काही साधले काय? त्या नियमांतली व्याख्या चांगली आहे : दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून दाखवणे. कायदा जिथे जात नाही त्या कल्पनेपर्यंत ही व्याख्या पोचते, आणि पोचायलाच हवी. शैक्षणिक नीतीचे क्षेत्र कायद्याहून मोठे असते. पण व्याख्या केल्यावर आयोगाने काय केले? मोजपट्टी हाती घेतली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ; दहा ते चाळीस टक्क्यांना प्रबंध सुधारून देण्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने; चाळीस ते साठला एक वर्ष बंदी; साठच्या पुढे नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य धरायचे नाही. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीच्या वीस शब्दांचा मजकूर चौदा मराठी शब्दांत आरामात मावतो, हे कुणाच्या ध्यानीमनी आले असेल असे वाटत नाही. ते असो. खरी गोष्ट अशी, की व्याख्येत कल्पना आहे आणि मोजणीत फक्त शब्द. जो प्रामाणिकपणे अवतरणे देतो, त्याच्या विद्यापीठातल्या यंत्राने नीट गाळणी लावली नाही तर तो अडकतो. जो इंग्रजीतून उतरवतो तो शून्य टक्क्यांवर सुटतो. आता तर एखादा परिच्छेद यंत्रालाच देऊन दुसऱ्या शब्दांत मागवता येतो. तुकोबांचे अभंग आपले म्हणून गाणारा प्रभातच्या 'संत तुकाराम'मधला सालोमालो १९३६ साली निदान लोकांच्या कानांना तरी सापडत होता.

आता विश्वासाकडे. कल्पनेला संरक्षण मागणाऱ्यांच्या बाजूने म्हणता येईल असे काही आहे, आणि ते आमच्याच न्यायालयांनी म्हटलेले आहे. २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एकाने 'स्वयंवर' नावाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची संकल्पना तपशीलवार मांडून एका वाहिनीच्या अधिकाऱ्यांना विश्वासाने सांगितली. वाहिनीने पुढे 'शुभ विवाह' या नावाने तसाच कार्यक्रम जाहीर केला. स्वयंवर ही कुणाच्या बापजाद्यांची मिळकत नाही, द्रौपदीच्याही आधीपासूनची रीत. पण तिच्यावरून बेतलेला, पात्रे आणि टप्पे ठरवून मांडलेला आराखडा विश्वासाने सांगितलेला असेल तर तो सांगणाऱ्याला डावलून वापरता येणार नाही, असे न्यायालयाने धरले आणि काही महिन्यांसाठी मनाई हुकूम दिला. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात गोपनीयतेच्या भंगाचे हेच तत्त्व पुढे चालवले. तिथेही मालिकेची संकल्पना आधी विश्वासाने सांगितलेली होती.

या निकालांत कल्पनेची मालकी जन्मत नाही, हे नीट पाहावे. तोच विचार तिसऱ्या माणसाला स्वतंत्रपणे सुचला तर त्याला कुणी अडवू शकत नाही. अडवले जाते ते त्यालाच, ज्याच्यापुढे कुणी विश्वासाने तोंड उघडले होते. आर. जी. आनंद यांना जे दुःख झाले त्याला हा उपाय बसता होता. आणि आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या तक्रारींनाही तो बसतो. पीएच.डी.चा उमेदवार संशोधन मान्यता समितीपुढे उभा राहतो, आपला आराखडा पाच-सात ज्येष्ठांच्या हाती देतो, वीस मिनिटे बोलतो. विषय नाकारला जातो. आराखड्याच्या प्रती परत घेतल्या जात नाहीत, कुणी काही लिहून दिलेले नसते, आणि दोन वर्षांनी त्या विषयावर कुणाचा तरी लघुप्रकल्प मंजूर झालेला दिसतो. तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी यासाठी उच्च न्यायालयात जाईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. पण विद्यापीठाला हे नियमाने करता येते : आराखड्याला तारखेसह पोच द्यावी, समितीच्या सभासदांनी गोपनीयतेची हमी लिहून द्यावी, नाकारलेल्या विषयाच्या प्रती परत कराव्यात, आणि सभासदांपैकी कुणी वा त्यांच्या विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीत तोच विषय घेतला, तर पहिल्या उमेदवाराचा लेखी उल्लेख केल्याशिवाय त्याला मान्यता मिळू नये. याला संसदेची गरज नाही, विद्या परिषदेची एक बैठक पुरते. ही मागणी कुणी करताना मात्र आम्हांला आजवर दिसलेले नाही. कल्पनेच्या कायद्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतः अशा समित्यांवर आहेत, हे त्याचे कारण असेल काय?

ज्यांच्या नावाने मालकी मागितली जाते त्या दुबळ्यांविषयी. सातबारा कुणाच्या नावावर चढतो? ज्याला तलाठ्याचे दार माहीत असते त्याच्या. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्यावे. साने गुरुजींनी त्या गोळा करून 'स्त्री जीवन'मध्ये छापल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या. त्यांतली एखादी प्रतिमा कुणाची? जिने गायली तिची, तिच्या आईची, सासुरवाडीच्या वाटेवर भेटलेल्या कुणाची? कायदा इथे कर्ता शोधत राहील आणि त्याला संग्राहक सापडेल, संपादक सापडेल, ध्वनिमुद्रणाचा निर्माता सापडेल. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याच्या भाषेत निर्माताच असतो. उद्या कल्पनांची नोंदवही उघडली, तर तिच्यात पहिल्या दिवशी नोंदी करायला वाहिन्यांचे आणि प्रकाशनसंस्थांचे वकील रांगेत असतील. जात्याशी बसलेली बाई नसेल. आणि तिच्या ओवीतली प्रतिमा नोंदली गेल्यावर, तिच्या नातीने ती कवितेत आणली तर नोटीस नातीला येईल. याउलट त्या प्रकल्पाने काय केले ते पाहावे : गाणारीचे नाव, गाव, ओवीसोबत नोंदवून ठेवले. मालकी कुणालाच दिली नाही, नाव मात्र पुसले नाही. आमच्या समीक्षकांना आणि प्रबंधकारांना एवढे जमू नये, हे नवल आहे.

ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहिताना आपण भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहोत, हे सांगून टाकले. मराठीतला पहिला महत्त्वाचा भाष्यकार ऋण उघडपणे सांगतो. आमच्या प्रबंधांत ऋणनिर्देशाचे पान असतेच, कधीकधी दोन-तीन पाने. त्यात मार्गदर्शक असतात, प्राचार्य असतात, संस्थाचालक असतात (त्यांचा उल्लेख बहुधा सर्वांत आधी), ग्रंथपाल, पती किंवा पत्नी, सासूसासरे, अक्षरजुळणी करणारे असतात. ज्याच्या एका लेखाने, व्याख्यानाने किंवा वर्गात विचारलेल्या एका प्रश्नाने तो प्रबंध सुचला, त्याचे नाव त्या पानांवर शोधून सापडत नाही. आमच्यापैकी काहींनी यंदापासून मौखिक परीक्षेत एक प्रश्न ठरवून विचारायला सुरुवात केली आहे : तुमच्या प्रबंधाचा मध्यवर्ती विचार तुम्हांला कुठे आणि कुणाकडून सुचला? बहुतेक उमेदवार गोंधळून मार्गदर्शकाकडे पाहतात. ज्यांना उत्तर देता येते त्यांना आम्ही ते तळटीप म्हणून प्रबंधात घालायला सांगतो, आणि अंतिम प्रतीत ती आली आहे की नाही हे सही करण्याआधी पाहतो.